हंसूं कीं भिऊं? जर्मन बालवाङ्मयांतील क्रूर विनोद

लहान मुलांसाठीं लिहिलेलीं पुस्तकें म्हटलीं म्हणजे कोंवळ्या, गोड व निरुपद्रवी वाङ्मयाची कल्पना डोळ्यांपुढें उभी राहते. बोलणारे पशुपक्षी, मायाळू आजीबाई, शूर राजपुत्र आणि शेवटीं सर्वांचें कल्याण, हा त्या वाङ्मयाचा परिचित संसार होय. परंतु जर्मनीमध्यें ज्या दोन चित्रमय पुस्तकांवर पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या, त्यांतील प्रसंग ऐकले तर नवख्या मनुष्यास धक्काच बसेल. एका पुस्तकांत आंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही आंगठे एक शिंपी भल्या मोठ्या कात्रीनें छाटून टाकतो. आगकाड्यांशीं खेळणारी मुलगी जळून राख होते. सूप पिण्यास नकार देणारा मुलगा पांचव्या दिवशीं मरतो. दुसऱ्या पुस्तकांत दोन द्वाड पोरें गिरणींत दळलीं जातात आणि त्यांचा भरडा बदकें खाऊन टाकतात. आणि हीं पुस्तकें हंसण्यासाठीं आहेत. नाताळची भेट म्हणून तीं मुलांच्या हातीं देण्यांत आलीं, मांडीवर बसवून वाचून दाखवण्यांत आलीं, आणि मुलें तीं ऐकतांना खदखदून हंसलीं.

हें हंसूं येतें कोठून? तें मुलाच्या मनाला घातक कीं हितकर? हा प्रश्न केवळ जर्मन वाङ्मयाच्या अभ्यासकांचा नाहीं. ज्या घरांत मुलाला विस्तवापासून, पाण्यापासून, अनोळखी कुत्र्यापासून सांभाळावें लागतें, आणि त्यासाठीं प्रसंगीं बागुलबुवाचें नांव घेतलें जातें, अशा प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

या दोन पुस्तकांच्या पूर्वीं जर्मन घरांत क्रौर्याच्या गोष्टी नव्हत्या असें नाहीं. याकोब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंनीं लोककथांच्या आपल्या संग्रहाचा पहिला भाग १८१२ सालीं व दुसरा १८१५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील हिमगौरीच्या वैरिणीला तापून लाल झालेले लोखंडी जोडे पायांत घालून मरेपर्यंत नाचावें लागतें. पहिल्या आवृत्तींत तर खाटकाचा खेळ खेळतां खेळतां एक मूल दुसऱ्याचा गळा कापतें, अशीही एक कथा होती. आखिम फॉन आर्निम या कविमित्रानें तिजविषयीं नापसंती कळवली, तेव्हां विल्हेल्मनें उत्तर दिलें कीं, ही गोष्ट लहानपणीं आपल्या आईनेंच आपणांस सांगितली होती, आणि तिच्यामुळें खेळतांना आपण जपून वागूं लागलों. तथापि १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तींतून ती कथा गाळण्यांत आली. हिमगौरीचा छळ करणारी पहिल्या आवृत्तींत तिची सख्खी आई होती. तीही या दुसऱ्या आवृत्तींत सावत्र झाली.

या लोककथांतील क्रौर्य मात्र गंभीर असतें. दुष्टाला शासन झालें, न्यायाचा तोल सांवरला, एवढाच त्याचा अर्थ; तेथें कोणी हंसत नाहीं. क्रौर्याला हास्याची जोड मिळाली ती पुढच्या पिढींत, आणि ती देणारा गृहस्थ पेशानें डॉक्टर होता.

हाइनरिख होफमान याचा जन्म १८०९ सालीं फ्रांकफुर्ट शहरीं झाला. १८४४ च्या नाताळच्या सुमारास, आपल्या तीन वर्षांच्या कार्ल नांवाच्या मुलासाठीं चित्रांचें एखादें पुस्तक घ्यावें म्हणून तो बाजारांत हिंडला. दुकानांत जीं पुस्तकें होतीं त्यांत एक तर लांबलचक गोष्टी होत्या, नाहींतर नीतीचे उपदेश होते. मुलानें खरें बोलावें, मुलानें स्वच्छ असावें, अशीं वचनें तीन वर्षांच्या मुलाच्या काय कामाचीं? त्याच्या कानांवरून तीं वाऱ्यासारखीं निघून जातात. घाणेरड्या मुलाचें चित्र मात्र त्याला पाहतांक्षणींच समजतें. होफमान घरीं परतला तो एक कोरी वही घेऊन. तिच्यांत त्यानें स्वतःच चित्रें काढलीं, स्वतःच पद्यें रचलीं, आणि मुलाला हवें तसें पुस्तक तयार केलें.

या चित्रांसाठीं त्याचा हात त्यापूर्वींच रोग्यांच्या घरीं बसला होता. त्या काळीं मूल ऐकेनासें झालें कीं घरचीं माणसें त्याला दोघांचें भय घालीत: एक धुराडीं झाडणारा काळा मनुष्य आणि दुसरा डॉक्टर. पुढें मूल खरोखरच आजारी पडे आणि डॉक्टर दारांत उभा राही, तेव्हां त्या धाकाचें फळ डॉक्टरच्याच पदरीं पडे. मूल किंचाळे, हातपाय झाडी, नाडीला हात लावूं देत नसे. अशा वेळीं होफमान कागद व पेन्सिल काढी आणि भराभर एक लहान मुलगा रेखाटी. हा मुलगा केस कापूं देत नाहीं आणि नखेंही काढूं देत नाहीं. म्हणून केस वाढूं लागतात, नखें वाढूं लागतात, आणि वाढतां वाढतां मुलगा अजिबात दिसेनासा होऊन केसांचा एक स्तंभ व नखांचे पंजे एवढेंच उरतें. हें पाहतां पाहतां रडणारें मूल चकित होऊन गप्प बसे. तेवढ्यांत डॉक्टर नाडी पाहून घेई आणि अंगांत ताप किती आहे याचाही अंदाज करी.

पुढील सर्व विवेचनाची किल्ली या हकीकतींत आहे. ज्याला घरोघर बागुलबुवा करून ठेवलें होतें, त्यानेंच मुलाचें भय घालवण्यासाठीं दुसरा एक बागुलबुवा निर्माण केला. मात्र हा दुसरा बागुलबुवा इतका अतिशयोक्त होता कीं, त्याला पाहून भिण्याचें मूल विसरून जाई.

ती वही मित्रमंडळींत फार आवडली. त्साखारियास लोव्हेनथाल या प्रकाशकाच्या आग्रहावरून १८४५ सालीं ती छापण्यांत आली. लेखकानें आपलें खरें नांव दिलें नाहीं. ‘राइमेरिख किंडरलीब’, म्हणजे मुलांवर प्रेम करणारा यमक्या, असें टोपणनांव घेतलें. ‘गमतीच्या गोष्टी आणि मजेदार चित्रें’ अशा अर्थाचें पुस्तकाचें नांव होतें, आणि तें तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं आहे असें त्यावर नमूद केलें होतें. आपलीं चित्रें दगडावर उतरवणाऱ्या कारागिरानें तीं सुधारूं नयेत, जशीं आहेत तशींच ठेवावींत, यावर होफमानचा कटाक्ष होता. पहिल्या १५०० प्रती चार आठवड्यांत संपल्या. केस वाढवणारा मुलगा पहिल्या आवृत्तींत अगदीं शेवटीं होता. मुलांनीं त्यालाच उचलून धरलें. तेव्हां तो पुढें आला आणि तिसऱ्या आवृत्तीपासून सबंध पुस्तकालाच त्याचें नांव मिळालें: ‘श्ट्रुव्वेलपेटर’, म्हणजे विस्कटलेल्या केसांचा पेटर. १८४७ पर्यंत भर पडत पडत गोष्टींची संख्या दहा झाली. १८४८ सालीं इंग्रजी भाषांतर निघालें. पुढें अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन यानें १८९१ सालीं बर्लिनमध्यें असतांना आपल्या मुलींसाठीं या पुस्तकाचें भाषांतर केलें. तें त्याच्या मृत्यूनंतर, १९३५ सालीं प्रसिद्ध झालें.

आतां या गोष्टींचें स्वरूप पाहण्यासारखें आहे. पाउलिन्खेन ही लहान मुलगी घरांत एकटी आहे. आईबाप बाहेर गेले आहेत. तिला आगकाड्यांची पेटी सांपडते. मिन्त्स आणि माउन्त्स या दोन मांजरी पंजे उंचावून तिला बजावतात, पण ती काडी ओढते. प्रथम कपडा पेटतो, मग हात, मग केस. शेवटीं राखेचा लहानसा ढीग आणि दोन चिमुकले जोडे एवढेंच शिल्लक राहतें. मांजरी त्या राखेपाशीं बसून रडतात आणि त्यांच्या आसवांचा ओढा वाहूं लागतो. या गोष्टीला त्या काळच्या घरगुती जीवनाचा आधार होता. घासतांच पेटणाऱ्या काड्या विक्रीस आल्या त्या इंग्लंडांत १८२७ सालीं. म्हणजे होफमाननें वही लिहिली तेव्हां विस्तव असा पेटींत बंद होऊन मुलाच्या हातापर्यंत येण्याला पुरतीं वीस वर्षेंही झालीं नव्हतीं. नवें संकट घरांत शिरलें होतें आणि त्याची जाणीव लहानग्यांना करून द्यावयाची होती.

कास्पर हा प्रथम चेंडूसारखा गुबगुबीत आहे. एके दिवशीं तो सूप नको म्हणतो. दुसऱ्या दिवशीं नको, तिसऱ्या दिवशींही नको. प्रत्येक चित्रागणिक तो बारीक होत जातो. चौथ्या दिवशीं दोऱ्यासारखा झाला असून त्याचें वजन तोळाभरही भरत नाहीं. पांचव्या दिवशीं त्याची कबर दिसते, आणि त्या कबरीवर सूपाचें भांडें ठेवलेलें आहे. फ्रीडरिख हा माशांचे पंख उपटतो, कुत्र्याला चाबकानें मारतो. कुत्रा त्याच्या पायाचा लचका तोडतो. मग फ्रीडरिख अंथरुणांत कडू औषध घेत पडतो, आणि कुत्रा त्याच्या खुर्चीवर बसून त्याचीं पक्वान्नें खातो. आकाशाकडे पाहत चालणारा हान्स नदींत पडतो. त्याला माणसें बाहेर काढतात, आणि तीन मासे पाण्यांतून डोकीं काढून त्याला हंसतात. वादळांत छत्री घेऊन बाहेर पडलेला रॉबर्ट छत्रीसकट उडून जातो आणि कोठें गेला हें कोणासही कळत नाहीं.

या गोष्टींतील शिक्षा कोण करतो, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. येथें आकाशांतून देव पाहत नाहीं, नरकाचें भय नाहीं, बापाची छडीही नाहीं. अग्नि जाळतो, पाणी बुडवतें, वारा उडवून नेतो, डिवचलेला कुत्रा चावतो. पंचमहाभूतेंच जणूं मास्तर होतात. त्या काळच्या उपदेशपर पुस्तकांहून हा मोठाच वेगळेपणा होता. आज्ञा मोडली म्हणून शिक्षा, ही कल्पना येथें मागें पडते. विस्तवाचा स्वभाव जाळण्याचा आहे, एवढेंच मुलाला सांगितलें जातें.

परंतु एवढ्यानें विनोद होत नाहीं. विनोद होतो तो प्रमाण सोडल्यामुळें. जेवण टाकलेलें मूल दोऱ्याएवढें होत नाहीं आणि मांजरींच्या आसवांचा ओढा होत नाहीं, हें तीन वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतें. शिवाय प्रत्येक भयंकर प्रसंगाशेजारीं होफमान एखादी क्षुल्लक, घरगुती वस्तु ठेवतो: राखेशेजारीं जोडे, कबरीवर सूपाचें भांडें, आजाऱ्याच्या ताटावर बसलेला कुत्रा. भय वाढूं लागावें तोंच डोळा त्या वस्तूवर जातो आणि हंसूं फुटतें. चित्रांचा वेडावांकडेपणाही या कामीं उपयोगी पडतो. रेखीव, हुबेहूब चित्रांत हीच गोष्ट असह्य झाली असती.

एक गोष्ट तर मुलांविषयीं नाहींच. हिरव्या डगल्याचा एक शिकारी उन्हांत झोपतो. ससा त्याचा चष्मा व बंदूक पळवतो आणि त्याच्याच मागें लागतो. शिकारी धांवत जाऊन विहिरींत उडी टाकतो. सुटलेली गोळी सशाच्या बायकोच्या कॉफीच्या पेल्याला लागते आणि कढत कॉफी पिलाच्या नाकावर सांडते. या गोष्टीला तात्पर्य नाहीं. बलवान व दुर्बळ यांची अदलाबदल झाली, एवढाच तिचा आनंद. आणि मोठ्यांच्या जगांत वावरणाऱ्या मुलाला यापेक्षां गोड आनंद कोणता असणार?

पुस्तकाच्या या गुणांबरोबर त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आंगठा चोखणाऱ्या कोनराडची गोष्ट सर्वांत प्रसिद्ध, आणि भीतिदायकही तीच. आई बाहेर जातांना बजावते कीं, आंगठा चोखशील तर शिंपी येऊन तो कापून नेईल. ती वळतांच आंगठा तोंडांत जातो. दार धाडकन उघडतें, लांब तंगड्यांचा शिंपी उडी मारून आंत येतो, कात्री चालते. आई परत येते तेव्हां कोनराड केविलवाण्या चेहऱ्यानें उभा आहे. येथें निसर्गाचा नियम नाहीं. मोठीं माणसें दिवसांतून दहा वेळां जी धमकी देतात आणि कधींच खरी करीत नाहींत, ती अक्षरशः खरी होते, हाच येथला काळाकुट्ट विनोद. त्याचा रोख मोठ्यांच्या बोलण्यावर आहे. परंतु तो रोख ओळखण्याइतकें मूल मोठें नसेल, तर त्याच्यापाशीं कात्री तेवढी उरते. ही गोष्ट ऐकून रात्रीं आंगठे पांघरुणांत लपवावेसें वाटलें, तर त्या मुलाला भित्रें म्हणतां येणार नाहीं.

दुसरी मर्यादा काळाची आहे. एका गोष्टींत तीन मुलें रस्त्यानें जाणाऱ्या काळ्या वर्णाच्या मुलाची टर उडवतात, आणि निकोलास नांवाचा धिप्पाड पुरुष त्यांना शाईच्या दौतींत बुडवून त्याच्याहूनही काळीं करतो. वर्णावरून कोणाला हिणवूं नये, हा हेतु १८४५ सालीं उदार होता. पण काळें होणें हीच शिक्षा ठरते, ही गोष्ट आजच्या वाचकाला खटकल्यावांचून राहत नाहीं. तसेंच जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करतां करतां टेबलावरील कापडासकट सारें जेवण खालीं ओढणारा फिलिप. जर्मन भाषेंत आज त्याचें नांव अतिचंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलांच्या विकाराला दिलें जातें. होफमान पुढें १८५१ पासून १८८८ पर्यंत फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख होता, म्हणून फिलिपमध्यें रोगी पाहण्याचा मोह अनेकांना झाला आहे. परंतु पुस्तक त्याच्या त्या नेमणुकीपूर्वीचें आहे; त्यांत फिलिप केवळ खोडकर म्हणून येतो. ज्याला एका शतकानें खोड म्हणून हंसावें, त्याला दुसऱ्या शतकानें आजार म्हणून समजून घ्यावें, असें विनोदाच्या बाबतींत वारंवार घडतें.

होफमाननंतर वीस वर्षांनीं या प्रकारच्या विनोदाला एक थोर चित्रकार लाभला. विल्हेल्म बुश याचा जन्म १८३२ सालीं वीडेनझाल या खेड्यांत झाला. नऊ वर्षांचा असतांना त्याला शिक्षणासाठीं एबरग्योत्सेन गांवीं मामाकडे ठेवण्यांत आलें. तेथें गिरणीवाल्याचा मुलगा एरिख बाखमान याच्याशीं त्याची जी मैत्री जमली ती जन्मभर टिकली. ती गिरणी आज बुशच्या स्मरणार्थ संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. चित्रकार होण्यासाठीं तो ड्युसेलडॉर्फ, अँटवर्प व म्युनिक येथें शिकला, परंतु त्याला नांव मिळवून दिलें तें म्युनिकच्या विनोदी नियतकालिकांतील चित्रमालांनीं.

१८६४ सालीं त्याचें एक चित्रपुस्तक निघालें, तें खपलें नाहीं. त्यांत पेटर नांवाचा एक मुलगा कडाक्याच्या थंडींत बर्फावर घसरण्यास जातो, पाण्यांत पडतो आणि गोठून त्याचा काटेरी बर्फाचा पुतळा होतो. घरचीं माणसें त्याला शेगडीशीं वितळायला ठेवतात, तों तो सबंधच वितळतो. मग आईबाप तो रस बरणींत भरून तळघरांत काकड्या व चीज यांच्यामध्यें नीट ठेवून देतात. दुःख आणि घरकामाची टापटीप यांचा असा संयोग बुशच्याच हातून व्हावा.

पुढच्याच वर्षीं ‘माक्स आणि मोरित्स’ तयार झालें. पहिल्या पुस्तकांत तोटा सोसलेल्या प्रकाशकानें तें नाकारलें. म्युनिकच्या कास्पर ब्राउननें मात्र १००० गुल्डेन एकरकमी देऊन तें घेतलें आणि १८६५ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध केलें. पहिली ४००० प्रतींची आवृत्ति हळूहळू खपली. दुसरी निघाली ती १८६८ सालीं. त्यानंतर मात्र मागणी वाढत गेली आणि १९०८ सालीं बुश वारला तेव्हां पुस्तकाच्या ५६ आवृत्त्या होऊन ४,३०,००० हून अधिक प्रती खपल्या होत्या. अमेरिकेंत १८९७ सालीं सुरू झालेली ‘कात्सेनयामर किड्स’ ही वृत्तपत्रांतील चित्रमालिका याच जोडगोळीवरून सुचली.

सात खोड्यांची ही कथा आहे. दोघे पोरगे पावाचे तुकडे दोऱ्यांनीं जोडून बोल्टे नांवाच्या विधवेच्या कोंबड्यांना खाऊं घालतात, आणि त्या एकमेकींत गुंतून झाडाच्या फांदीवर लटकतात. विधवा अश्रु ढाळते, मग डोळे पुसून त्या भाजायला ठेवते. पोरें धुराड्यांतून गळ सोडून त्याही पळवतात. शिंप्यासाठीं ते पुलाची फळी करवतून ठेवतात. लेम्पेल मास्तरांच्या पाइपांत बंदुकीची दारू भरतात. काकांच्या बिछान्यांत भुंगेरे सोडतात. सहाव्या खोडींत ते बेकऱ्याच्या कणकेंत पडतात. बेकरी त्यांचे पाव करून भट्टींत घालतो, आणि दोघेही वरचें कवच कुरतडून सुखरूप बाहेर येतात. कळसूत्री बाहुल्यांप्रमाणें यांना मरण नाहीं, असें वाचक येथें शिकतो. सातव्या खोडींत ते शेतकरी मेके याच्या धान्याच्या पोत्यांना भोकें पाडतात. शेतकरी त्यांना पोत्यांत घालून गिरणीवर नेतो, गिरणीवाला कांहीं न विचारतां दळून देतो, आणि जमिनीवर दाण्यांनीं रेखलेल्या दोन आकृती तेवढ्या उरतात. त्या गिरणीवाल्याचीं दोन बदकें टिपतात.

होफमानच्या पुस्तकांत विस्तव जाळतो. येथें माणसें दळतात. पोतें फाडण्याबद्दल देहान्त शिक्षा, ही कोणत्याही न्यायांत न बसणारी गोष्ट आहे. सबंध पुस्तकांतील सर्वांत घोर कृत्य दोन प्रतिष्ठित गृहस्थ करतात आणि त्याबद्दल त्यांना कोणी कांहीं म्हणत नाहीं. बातमी गांवांत पसरते, तेव्हां एकाच्याही डोळ्यांत पाणी येत नाहीं. कोणी स्वतःच्या दूरदृष्टीचें कौतुक करतो, कोणी एखादें नीतिवचन उच्चारतो, कोणी आपला संबंध नाहीं म्हणून हात झटकतो. आणि गांव पुन्हां आपल्या उद्योगाला लागतो. पोरें द्वाड होतीं खरीं, पण शेवटच्या पानावर वाचकाला शंका येते कीं, एवढा वेळ ज्या सज्जनांची कींव केली ते खरोखर सज्जन होते काय? बुशच्या विनोदाची खरी धार येथें आहे, आणि ती मोठ्यांच्या अंगाला लागते.

म्हणूनच कदाचित् मोठ्यांनींच तिला जास्त आक्षेप घेतला. १८८३ सालीं एका शिक्षणविषयक लेखकानें अशा पुस्तकांना वरून निरुपद्रवी दिसणारें विष म्हटलें. १९२९ सालीं ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतांत अठरा वर्षांखालील मुलांना ‘माक्स आणि मोरित्स’ विकण्यास बंदी करण्यांत आली. आक्षेप घेणाऱ्यांचें भय असें कीं, मुलें खोड्या शिकतील. होफमानच्या पुस्तकावर आक्षेप आला तो नेमका उलट दिशेनें: त्यानें मुलें दबतील, भेकड होतील. १९७० सालीं चित्रकार एफ. के. वेष्टर यानें ‘अँटी-श्ट्रुव्वेलपेटर’ काढून जुन्या गोष्टी फिरवून लिहिल्या आणि मुलांना मोठ्यांच्या सत्तेविरुद्ध उभें केलें. त्यापूर्वीं १९४१ सालीं, महायुद्ध चालू असतां, इंग्लंडांत ‘श्ट्रुव्वेलहिटलर’ नांवाचें विडंबन निघालें होतें. हट्टी, उद्दाम मुलाचा पोशाख हुकूमशहाला किती चपखल बसतो हें त्यावरून दिसलें.

हीं भयें सर्वस्वी खोटीं नाहींत. परंतु त्यांत एका गोष्टीचा विसर पडतो. मूल भयशून्य मनानें या पुस्तकांकडे येत नाहीं. तें आधींच भ्यालेलें असतें. अंधार, परका मनुष्य, आईचें बाहेर जाणें, मोठ्यांचा चढलेला आवाज, यांनीं त्याचें जग भरलेलें असतें, आणि या भयांना त्याच्यापाशीं आकार नसतो. सिग्मुंड फ्रॉईड यानें १९२७ सालीं विनोदावर जो छोटासा निबंध लिहिला, त्यांत त्याचें म्हणणें असें आहे कीं, विनोदांत मनाचा वडीलधारा भाग भ्यालेल्या भागाशीं बापासारखा बोलतो. हें जग वाटतें तितकें भयंकर नाहीं, थट्टा करण्याच्या लायकीचें आहे, असें तो त्याला पटवतो. मोठ्या मनुष्याच्या मनांत हे दोन्ही आवाज एकट्याचेच असतात. लहान मुलाला मात्र तो दुसरा आवाज बाहेरून मिळावा लागतो.

तो आवाज म्हणजे शेजारीं बसून वाचणाऱ्या माणसाचा. हीं पुस्तकें पद्यांत आहेत, मोठ्यानें वाचण्यासाठीं आहेत, आणि त्यांतील चित्रें मांडीवर बसून पाहण्यासाठीं आहेत. आईच्या कुशींत बसून ऐकलेली पाउलिन्खेनची राख आणि अंधाऱ्या खोलींत कोंडतांना ओरडून सांगितलेली पाउलिन्खेनची राख, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलींत मूल विस्तवाचा स्वभाव शिकतें आणि हंसतें. दुसरींत तें माणसाचा स्वभाव शिकतें आणि हंसणें सोडतें. ज्या घरांत शिंप्याची कात्री खरोखरच धमकी म्हणून वापरली गेली, तेथें होफमानचें पुस्तक होफमानच्याच हेतूविरुद्ध वापरलें गेलें. त्यानें पेन्सिल हातीं घेतली होती ती डॉक्टरच्या नांवानें घाबरलेल्या मुलाला शांत करण्यासाठीं.

तेव्हां मुलांना भयंकर गोष्टी सांगाव्या कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांच्या यादींत सांपडणार नाहीं. आग, पाणी, मरण व माणसांची निष्ठुरता यांची ओळख मुलाला केव्हांतरी होणारच. ती प्रथम चित्रांत व्हावी, यमकांत व्हावी, आणि पान उलटण्याची मुभा मुलाच्या हातीं असतांना व्हावी, एवढी सोय या जर्मन पुस्तकांनीं करून ठेवली आहे. मूल हंसत असेल तर पुढचें पान खुशाल उलटावें. त्याचें हंसूं थांबलें असेल, तर पुस्तक मिटून त्याला जवळ घ्यावें.